जांभईचे विज्ञान : प्रस्तावना

जांभई का येते, असे विचारले की बहुतेक जण एकच उत्तर देतात : शरीरात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून. शाळेत बाईंनी तसे सांगितलेले असते, घरी आजोबांनी सांगितलेले असते, आणि एखाद्या डॉक्टरांच्या तोंडूनही ते ऐकायला मिळते. हे उत्तर १९८७ साली प्रयोगाने निकालात निघाले. त्याला चार दशके होत आली, तरी ते जागचे हललेले नाही. मला याचे वाईट वाटते. जांभईसारखी रोजची, प्रत्येकाच्या अनुभवातली गोष्ट आपण न तपासलेल्या उत्तरावर सोडून देतो, आणि तिच्याविषयी अलीकडे जमा झालेले विलक्षण ज्ञान आपल्या भाषेत येतच नाही. हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

आधी जांभई म्हणजे नेमके काय ते पाहू. तोंड हळूहळू उघडते, जबडा पुरता ताणला जातो, लांब श्वास आत जातो, शिगेला पोहोचल्यावर क्षणभर सगळे थांबते आणि मग श्वास सोडत जबडा चटकन मिटतो. डोळ्यांत पाणी येते, कान दडपल्यासारखे होतात, पुष्कळदा हातपाय ताणून आळोखेपिळोखेही दिले जातात. माणसात या सगळ्याला सरासरी सहा सेकंद लागतात. एकदा सुरू झालेली जांभई मध्येच थांबवणे फार अवघड. दाबली तरी ती नाकपुड्यांत आणि जबड्यात उमटतेच. सस्तन प्राणी आणि पक्षी जांभया देतात, याविषयी वाद नाही. मासे आणि सरपटणारे प्राणी तोंड उघडतात त्याला जांभई म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पाणघोडा तोंड वासतो ती तर उघडउघड धमकी असते.

या प्रश्नाचे कुतूहल आपल्याकडे जुने आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात जांभईच्या उत्पत्तीची कथाच आहे. वृत्रासुराने इंद्राला गिळले, तेव्हा देवांनी जृंभिका निर्माण केली. वृत्राला जांभई आली, तोंड उघडले आणि अंग आक्रसून इंद्र बाहेर निसटला. तेव्हापासून जांभई प्राणिमात्रांच्या ठायी राहिली, असे तिथे सांगितले आहे. भागवतात यशोदेने कृष्णाच्या मुखात विश्व पाहिल्याची माती खाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्या आधीच्या अध्यायात दूध पिऊन झालेल्या तान्ह्या कृष्णाने जांभई दिली आणि त्या उघड्या मुखातही तिला आकाश, नद्या, पर्वत दिसले, हे मात्र कमी जणांना माहीत असते. हठयोगाच्या परंपरेत पाच उपप्राणांपैकी देवदत्त हा जांभईचा वायू मानला आहे. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवण्याची रीत आपल्या आजीआजोबांच्या पिढीने पाळली.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे चरकसंहितेतील विवेचन आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा वेग रोखू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत शिंक, ढेकर, भूक, तहान, अश्रू, झोप यांच्या पंक्तीत जृंभा आहे. जांभई दाबल्यास अंग वाकणे, आचके, बधिरपणा, कंप असे विकार होतात आणि त्यांवर वातहर उपचार करावेत, असे चरक म्हणतो. या विकारांना आजच्या संशोधनाचा आधार मिळालेला नाही, आणि तो मिळाल्याचा आव हे पुस्तक आणत नाही. पण जांभई ही आळशीपणाची खूण न मानता शरीराचा स्वाभाविक वेग मानणे, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. शिष्टाचाराच्या नावाखाली जांभईकडे तुच्छतेने पाहण्याची सवय लागल्यावर ही दृष्टी हरवत गेली.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी जांभईचा संबंध तापाशी जोडला. तापापूर्वी शरीरात साठलेली हवा, उकळत्या हंड्यातून वाफ वर यावी तशी, तोंडावाटे बाहेर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. अठराव्या शतकात योहान दे गोर्टर या डच वैद्याने मेंदूला रक्त कमी पडते म्हणून जांभई येते, असे मांडले. ऑक्सिजनच्या कल्पनेचे मूळ या विचारात आहे. पुढे श्वसनाचे रसायन उलगडले आणि ‘रक्त’ या शब्दाच्या जागी ‘ऑक्सिजन’ येऊन बसला, इतकेच. पुरावा कुणी मागितला नाही. १८८८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी मिनिटाला सुमारे आठ जांभया देणारी एक तरुणी विद्यार्थ्यांपुढे आणली. त्यांनी तिचे निदान हिस्टेरिया असे केले. त्याच्या पन्नास वर्षे आधी तरुण डार्विनने आपल्या वहीत कुत्रा, घोडा आणि माणूस यांच्या जांभयांतील साम्य टिपून ठेवले होते. सगळ्या प्राण्यांची घडण मुळात एक असावी, हा विचार त्याला त्यातून सुचत होता. १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरील पुस्तकात त्याने बबून माकडे जांभई देऊन सुळे दाखवतात आणि ती धमकी असते, असेही लिहिले. म्हणजे जांभईकडे प्राण्यांच्या वर्तनाचा भाग म्हणून पाहण्याची सुरुवात त्याने करून दिली होती. पण तो धागा उचलायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

तो उचलला रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर येथील शाखेत ते मानसशास्त्र शिकवत. हसणे, उचकी, खाज अशा ज्या गोष्टींकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. २०१९ मध्ये ते वारले. त्यांच्या कामाविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण या क्षेत्राची शिस्त त्यांनी घालून दिली आणि तीही अत्यंत साध्या साधनांनी.

ऑक्सिजनचे म्हणणे खरे असेल, तर शुद्ध ऑक्सिजन घेणाऱ्याला जांभया कमी यायला हव्यात आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला तर जास्त. प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना शंभर टक्के ऑक्सिजन, साधी हवा, आणि तीन व पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साइडने श्वासाची गती वाढली. जांभया मात्र ना वाढल्या, ना घटल्या. मग व्यायामाने श्वासाची गती दुप्पट होईपर्यंत लोकांना दमवले. तरीही फरक पडला नाही. श्वास आणि जांभई यांचा कारभार वेगळा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्यांचे आणखी दोन प्रयोग वाचकाला घरबसल्या करता येतील. जांभई येऊ लागली की नाक चिमटीत धरायचे. जांभई नेहमीसारखीच येते आणि समाधानही देते. दुसऱ्या वेळी दात घट्ट आवळून धरायचे. आता नाकाने कितीही हवा आत घेतली तरी जांभई अर्धवट राहिल्यासारखी वाटते. यावरून कळते की जांभईत जबड्याचा ताण अत्यावश्यक आहे, निव्वळ हवा पुरत नाही. जांभईच्या लागणीचाही पहिला शिस्तशीर अभ्यास त्यांचाच. जांभई देणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीतून तोंड झाकले तरी पाहणाऱ्यांना जांभया येत राहिल्या. नुसते उघडे तोंड दाखवले तर तितक्या आल्या नाहीत. म्हणजे लागण होते ती सबंध चेहऱ्यामुळे. म्हणूनच तोंडावर हात ठेवून समोरच्याची जांभई थांबत नाही.

ऑक्सिजनच्या उत्तराला दुसरा धक्का गर्भाशयातून बसला. सोनोग्राफीत साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भ जांभई देताना दिसतो. तिथे हवा नाही, फुप्फुसांत पाणी आहे. ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाच्या नाद्या रीसलँड यांनी २०१२ मध्ये पंधरा गर्भांची २४ ते ३६ आठवड्यांच्या काळातील चित्रणे तपासली. नुसते तोंड उघडणे आणि खरी जांभई यांतला फरक त्यांनी काटेकोरपणे केला, आणि २८ व्या आठवड्यानंतर जांभया कमी होत जातात असे त्यांना आढळले. गर्भाला झोप अपुरी झालेली नसते आणि कंटाळाही आलेला नसतो. त्यामुळे जांभईचा संबंध घडत असलेल्या मेंदूशी असावा, हा विचार बळावला. मोठा मेंदू न घडताच जन्मलेली अर्भकेही जांभई देतात. याचा अर्थ, जांभईची मूळ यंत्रणा मेंदूच्या सर्वांत जुन्या भागात, मस्तिष्कस्तंभात आहे.

त्या यंत्रणेचे रसायन औषधशास्त्रज्ञांनी शोधले. इटलीतील सार्डिनिया बेटावरच्या कालियारी विद्यापीठात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर सातत्याने काम झाले. हायपोथॅलॅमसमधील एका छोट्या केंद्रात डोपामीनने ऑक्सिटोसिन स्रवते आणि त्यातून जांभई निर्माण होते, हे उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. डोपामीनसारखे काम करणारे अ‍ॅपोमॉर्फिन टोचले की उंदीर जांभया देतात. ही चाचणी प्रयोगशाळांत नित्याची झाली. या शाखेने जांभई ‘कशी’ येते ते बरेच उलगडले. ‘का’ येते याचे उत्तर देण्याचा तिचा दावा नव्हता.

‘का’च्या उत्तरासाठी आज जे पक्ष उभे आहेत, त्यांत सर्वांत जोरकस पक्ष मेंदू थंड ठेवण्याचा. अमेरिकेतील अँड्र्यू गॅलप आणि गॉर्डन गॅलप यांनी तो २००७ मध्ये मांडला. जबडा ताणल्याने डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आत घेतलेल्या हवेने रक्त थंड होते, असे त्यांचे म्हणणे. कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्या आणि नाकाने श्वास घेणाऱ्या स्वयंसेवकांना जांभयांची लागण कमी झाली. २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूत तापमापक बसवून पाहिले तेव्हा जांभईआधी तापमान चढलेले आणि नंतर उतरलेले दिसले. या पक्षाचे खरे बळ म्हणजे तो आगाऊ भाकीत करतो आणि ते तपासू देतो. बाहेरची हवा शरीराइतकी गरम असेल तर जांभईने थंडावा मिळणार नाही, म्हणून जांभया कमी याव्यात. कडाक्याच्या थंडीत गरजच नाही, म्हणून तेव्हाही कमी. अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभईची चित्रे दाखवली. तिथल्या सौम्य हिवाळ्यात जवळजवळ निम्म्यांना जांभई आली, तर ३७ अंशांच्या उन्हाळ्यात पावभागाहूनही कमी लोकांना. थंड व्हिएन्नात उलट घडले. तिथे हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जांभया जास्त आल्या. २०२१ मध्ये १०१ जातींच्या पशुपक्ष्यांच्या १,२९१ जांभया मोजल्या गेल्या, आणि मेंदू जितका मोठा तितकी जांभई लांब असे दिसले.

याच्या विरोधात स्वित्झर्लंडमधील आद्रियान गुगिसबर्ग आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. जांभई शरीराच्या एखाद्या गरजेसाठी येते हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी २०१० मध्ये ठामपणे लिहिले. तापमान उतरते ते जांभईमुळे, की दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाने घडते, हा त्यांच्या बाजूचा कळीचा प्रश्न. त्यांनीच आधी आणखी एक लाडकी समजूत तपासली होती, ती म्हणजे जांभईने तरतरी येते. अंधाऱ्या खोलीत बसवलेल्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युत आलेख त्यांनी जांभईआधी आणि नंतर तपासले. झापड वाढत असताना जांभया येतात हे दिसले, पण जांभईनंतर मेंदू अधिक जागा झाल्याची खूण सापडली नाही. फ्रान्समधील ओलिव्हिए वालुसिन्स्की यांची भूमिका या दोहोंच्या मधली आहे. मेंदू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो त्या सांध्यावर जांभई येते, असे ते मांडतात. पेशाने ते साधे कुटुंबवैद्य. त्यांनी जांभईविषयीचे जुने-नवे वाङ्मय गोळा केले, आणि जांभईवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१० मध्ये पॅरिसमध्ये भरली त्यामागेही तेच होते. माझे मत विचाराल तर, अवस्थाबदलाशी संबंध पक्का आहे. मेंदू थंड करण्याचा पक्ष आजवर सर्वांत चांगला तपासला गेलेला आहे. पण तो सिद्ध झाला असे म्हणण्याची वेळ आलेली नाही.

आता लागण. आपसूक आलेली जांभई आणि दुसऱ्याची पाहून आलेली जांभई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच मनात ठसवावे. पहिली गर्भातच सुरू होते, दुसरी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी. पहिली असंख्य प्राण्यांत आहे, दुसरी मोजक्यांत. २००४ मध्ये जपानमध्ये सहा चिंपांझी माद्यांपैकी दोघींना चित्रफीत पाहून जांभया आल्या. २००८ मध्ये लंडनच्या अभ्यासात २९ पैकी २१ कुत्र्यांना माणसाची जांभई लागली. पुढे बोनोबो, लांडगे, बजरी पोपट या यादीत आले. दक्षिण आफ्रिकेतील सिंहांमध्ये एकाची जांभई दुसऱ्याला लागली की दोघे पुढच्या हालचालीही बरोबरीने करतात, असे एलिझाबेत्ता पालाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले. कळपाने एकत्र उठणे-बसणे जमावे यासाठी लागणीचा उपयोग होत असेल, हा विचार मला सर्वांत आशादायक वाटतो. लालपायी कासवांवरच्या प्रयोगात एका कासवाला महिनोन्‌महिने शिकवून जांभईसारखे तोंड उघडायला लावले, पण ते पाहून इतर कासवांवर परिणाम झाला नाही. या अभ्यासाला २०११ चे इग-नोबेल मिळाले आणि लोक हसले. पण ‘लागण होत नाही’ हे इतक्या चिकाटीने दाखवणारे काम या विषयात दुर्मीळ आहे.

लागणीचा अर्थ सहानुभूती, असे मानणारा मोठा पक्ष आहे. नोर्शिया आणि पालाजी यांनी २०११ मध्ये दाखवले की नातलगांची जांभई सर्वाधिक लागते, मग मित्रांची, ओळखीच्यांची, आणि अनोळखी माणसाची सर्वांत कमी. यावर आक्षेप आला की आपण आपल्या माणसांकडे पाहतोच जास्त. तेव्हा त्यांनी नुसता आवाज ऐकवून तपासले, तरी क्रम जवळपास तोच राहिला. दुसरीकडे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये ३२८ जणांवर केलेल्या अभ्यासात सहानुभूतीच्या मोजमापाशी लागणीचा संबंध आढळला नाही, वयाशी थोडासा आढळला. या वादाची झळ माणसांना बसते म्हणून तो जपून मांडायला हवा. स्वमग्न मुलांना जांभईची लागण होत नाही, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यात सहानुभूतीच नसते असा निष्कर्ष काढायला काहींनी वेळ लावला नाही. पुढे जपानी संशोधकांनी मुलांचे लक्ष पडद्यावरच्या चेहऱ्याकडे आहे याची खात्री करून प्रयोग केला, तेव्हा स्वमग्न मुलांनाही इतरांसारख्याच जांभया आल्या. फरक होता तो कुठे पाहायचे याचा. अशा मुलांच्या पालकांनी याविषयीचे प्रकरण आवर्जून वाचावे.

हा विषय आज महत्त्वाचा का? दवाखान्यासाठी, हे पहिले कारण. अर्धशिशीचा झटका येण्यापूर्वी कित्येकांना जांभयांची रांग लागते. घाटातल्या एसटीत गाडी लागण्यापूर्वीही तेच होते. नैराश्यावरच्या काही औषधांनी जांभया वाढतात. रुग्ण ते सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही. अफूजन्य पदार्थांचे व्यसन सुटताना होणाऱ्या त्रासाच्या मोजपट्टीत जांभयांची वेगळी नोंद असते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात जांभई देताना आपोआप वर उचलला जातो, हे वालुसिन्स्की यांनी २००५ मध्ये नाव देऊन नोंदवले. घरच्यांना वाटते हात बरा होऊ लागला. जांभई संपताच तो पुन्हा निपचित पडतो. हे आधी समजावून सांगितले तर एका कुटुंबाची खोटी आशा आणि त्यामागून येणारी निराशा टळते.

दुसरे कारण यंत्रांचे. गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून जांभया मोजणाऱ्या आणि त्यावरून झोप ओळखू पाहणाऱ्या प्रणाली आता बनत आहेत. पण जांभई म्हणजे झोप, हे समीकरण पुरते खरे नाही. अमेरिकन स्केटर अपोलो ओनो ऑलिम्पिक शर्यतीच्या आधी जांभया देताना सगळ्यांनी पाहिला आहे. वर्गात, मुलाखतीत, बैठकीत जांभईवरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

हे पुस्तक कुणा एका पक्षाची वकिली करत नाही. प्रयोग कसा रचला, काय मोजले आणि त्यातून किती म्हणता येते, हे दाखवणे हा त्याचा हेतू आहे. यंत्रणा, उपयोग आणि लागण हे तीन प्रश्न मी शेवटपर्यंत वेगळे ठेवले आहेत, कारण त्यांची सरमिसळ झाल्यानेच या क्षेत्रात निम्मे वाद झाले. परिभाषा शक्य तिथे रोजच्या मराठीतली ठेवली आहे. शरीरशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने मेंदूच्या रसायनाचे प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल. आयुर्वेदावरचे प्रकरण मात्र वगळू नये.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. मेंदू थंड करण्याच्या पक्षाचे भाकीत तपासण्याजोगी दोन हवामाने, महाबळेश्वरचा जानेवारी आणि पारा ४५ अंशांपुढे जाणारा चंद्रपूरचा मे, आपल्याच राज्यात आहेत. टूसॉनमध्ये वापरली तशी जांभईची काही चित्रे, एक तापमापक आणि एक वही एवढ्यावर विद्यार्थी हा अभ्यास करू शकतात. प्रत्येकाने आदल्या रात्री किती झोप घेतली, दिवसाची वेळ कोणती, बाहेर येऊन किती वेळ झाला, हे लिहून घ्या. दोन्ही ठिकाणी तीच चित्रे आणि तेच प्रश्न वापरा. निकाल गॅलप यांच्या विरुद्ध गेला तरी तो आहे तसा नोंदवा आणि प्रसिद्ध करा.